कासवाची आत्या

फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. विट्यात आमच्या घरी दुपारी फोन येतो तो एक तर गॅसवाल्याचा, नाहीतर नवऱ्याचा. नवरा मदुराईला असतो. तिथं त्याचं गलाईचं दुकान आहे, सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. पण हा फोन साताऱ्याहून, माझ्या धाकट्या भावाच्या घरून होता. पलीकडं भावाची मुलगी होती. पहिलीत आहे. ती फोनवर हॅलो-बिलो म्हणत नाही, एकदम मुद्द्याला हात घालते.

"आत्ती, दादानं कासव आणलंय. त्याची आत्ती कोण?"

आमच्याकडं आत्याला आत्ती म्हणतात. मी म्हटलं, "कुणाची? कासवाची?"

"कासव दादाचं हाय. म्हणजे दादा त्याचा बाप. आणि मी दादाची बहीण. मग मी त्याची आत्ती ना?"

"तसं बघायला गेलं तर व्हय."

"मग नाव कुणी ठिवायचं?"

"आत्तीनं."

"दादानं दुकानातच ठेवलं. मला विचारलंच न्हाई." आणि तिनं भोकाड पसरलं.

इकडं शेंगदाणे करपले. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, रडू नको, मी उद्या येते. आता कुणी म्हणेल, कासवाच्या नावासाठी ही बाई एसटीनं साताऱ्याला जाते, हिला दुसरं काही काम नाही का. कामं होती. पण पोरीनं नेमकं माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. ती जागा कुठली ते आधी सांगायला हवं.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. हे काही मी काढलेलं नाही, सगळ्या मुलखात असंच आहे. मला भाऊ एकच. त्याच्या थोरल्या मुलाचं नाव मी ठेवलं, त्याच्या कानात मीच सांगितलं. मुलगी झाली ती मात्र नेमकी लॉकडाऊनमध्ये. भाऊ तेव्हा फौजेत, पार सरहद्दीवर, रजेचं नावच नको. वैनीची धाकटी बहीण बाळंतपणाला म्हणून आली होती, ती साताऱ्यातच अडकली. मी विट्यात. विटा पडतं सांगली जिल्ह्यात, आणि दोन जिल्ह्यांच्या मधे बांबू आडवे टाकून पोलीस बसलेले.

तरी मी निघाले. नवरा त्या वेळी इकडंच अडकला होता. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर झबलं-टोपडं आणि लाडवांचा डबा घेऊन मायणीच्या अलीकडच्या नाक्यापर्यंत गेले. तिथं पोलिसानं हात केला.

"कुठं निघालाय, मावशी?"

"बारशाला."

"बारसं अत्यावश्यक सेवेत बसत न्हाई, मावशी."

मी म्हटलं, मी मावशी नाही, आत्या आहे, आणि माझ्याशिवाय ते बारसं होतच नाही. तो बिचारा भला माणूस होता, पण त्याच्या तोंडावर मास्क आणि माझ्या तोंडावर मास्क, एकमेकांना किती कळणार. "आवं, हितं लग्नं थांबल्याती, तुमी बारशाचं काय घिऊन बसलाय," म्हणाला. नवऱ्यानं गाडी वळवली. लाडू आम्ही परत आणले आणि ते संपेपर्यंत मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

त्या संध्याकाळी वैनीच्या बहिणीनं, म्हणजे मावशीनं, पोरीच्या कानात नाव सांगितलं. नाव चांगलं आहे. बाईही चांगली आहे, तिचा काडीचा दोष नाही. तरी मला नावाचाही राग आहे आणि बाईचाही. पोरीला मी सोने म्हणते, बाई म्हणते, डोकं फिरलं की भवाने म्हणते, त्या नावानं हाक मारत नाही. आणि माझ्या मनात जे नाव होतं, वैनीला दिवस गेल्यापासून मी जे घोळवत होते, ते मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. मान गेला तर गेला, नाव तरी माझ्यापाशी राहू दे, असं मला वाटलं.

हा सगळा किस्सा मी दर सणाला साताऱ्यात जाऊन ऐकवते. मी रागीट आहे आणि मी लवकर काही विसरत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी सुरू झाले की भाऊ पंख्याकडं बघत बसतो. वैनीला एकाएकी कुकरची आठवण होते. एकटी पोरगी मांडी घालून ऐकत बसते. मला वाटायचं, तिला नाक्यावरच्या पोलिसाची गंमत वाटते. तर ती आत्याचे हक्क शिकत होती.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्यात पोचले. रविवार होता, त्यामुळं भाऊही घरी होता. तो आता रिटायर होऊन शिरवळला एका कारखान्यात सिक्युरिटीत आहे. हॉलमध्ये टीव्हीच्या खाली निळा प्लॅस्टिकचा टब, टबात वीतभर पाणी, पाण्यात एक वीट आणि विटेवर कासव. तळहाताएवढं, हिरवं. डोळ्यांच्या मागं दोन्ही बाजूंना लाल पट्टे, कुंकवाचं बोट ओढल्यासारखे. आपल्याकडची कासवं घरात ठेवणं गुन्हा आहे. हे परदेशी जातीचं, आणि भावानं दुकानदाराला दोन-दोनदा विचारून घेतलं होतं. त्याचं खाणं डब्यात मिळतं आणि त्याला सुक्या जवळ्याचा वास येतो. वैनीच्या गळ्यात माळ आहे. ती नाकाला पदर लावूनच हॉलमधून ये-जा करत होती.

"नाव काय ठेवलंयस?" मी भाच्याला विचारलं.

"बुलेट."

मी विटेवरच्या त्या प्राण्याकडं बघितलं. मी आल्यापासून त्यानं मानसुद्धा हलवली नव्हती.

आता माझं स्वतःचं सांगायचं तर, असल्या जिवांना नावं ठेवण्यात माझी हयात गेली. लहानपणी वडील फौजेत आणि आई शेतात, त्यामुळं घरातली जनावरं हीच आमची करमणूक. न्हाणीत रांजणाच्या मागं एक थोरला बेडूक राहायचा. छाती पुढं काढून बसायचा आणि पाण्याचा तांब्या अंगावर पडला तरी जागा सोडायचा नाही, म्हणून तो सुभेदार. कुंपणावरचा सरडा कुणी काही बोललं की मान हलवायचा, त्याचं नाव व्हय-व्हय. चुलीवरच्या भिंतीला एक पाल होती. वडील रजेवर आले आणि म्हणाले की यंदा रजा वाढवून घेणार, की ती चुकचुक करायची, आणि रजा काही वाढायची नाही. ती हरकत घेणारी, म्हणून वकीलीण. पुढं भाचा लहान असताना त्याला जेवू घालायला मी कृष्णेतल्या मगरीची गोष्ट रचली. ती मगर दिवसभर काठावर ऊन खात, तोंड उघडं टाकून पडलेली असायची, म्हणून तिचं नाव पेन्शनर. पेन्शनरच्या जिवावर तो पोरगा भाकरी खायला शिकला.

ह्यातून माझा एक नियम झालेला आहे. जनावराला आल्या आल्या नाव ठेवायचं नाही. चार दिवस त्याच्याकडं बघायचं, ते काय करतं ते बघायचं, मग त्याच्या गुणावरनं नाव निघतं. माणसाचं उलटं आहे. आधी नाव ठेवायचं आणि मग गुण कधी दिसतात त्याची वाट बघत बसायची.

जेवणं झाल्यावर मी न्यायाला बसले. भाचा सातवीत आहे, जिभेला हाड नाही.

"मी बाप न्हाई," तो म्हणाला. "मी मालक हाय. मालकाच्या बहिणीला आत्या म्हणत न्हाईत."

"त्याला खायला कोण घालतं?"

"मी."

"त्याचं पाणी कोण बदलतं?"

"मीच."

"आजारी पडलं तर डॉक्टरकडं कोण नेणार?"

तो जरा घुटमळला. "मी आणि पप्पा."

"मग तू बाप आणि पप्पा आजा," मी म्हटलं. "आणि ही आत्ती. बुलेट रद्द. आज संध्याकाळी बारसं करायचं आणि हिनं नाव ठेवायचं."

"वन्सं, अहो कासव आहे ते," वैनी आतून म्हणाली.

"कासवाला काय कान नाहीत?"

भावानं पंख्याकडं बघितलं. पण तेवढ्यात पोरीनं उठून हरभरे भिजत घातलेसुद्धा. घुगऱ्यांशिवाय बारसं होत नाही, हे मीच तिला कधीतरी सांगितलं असणार. इतक्या कमी वेळात हरभरे कुठं भिजायला, म्हणून वैनीनं ते गुपचूप गरम पाण्यात टाकले. पदर नाकाला लावूनच टाकले, पण टाकले.

मग प्रश्न आला नावाचा. हक्क मिळाला, पण पोरीला नाव सुचेना. ती टबाजवळ पालथी पडून कासवाकडं बघत राहिली आणि आम्ही एकेकजण नावं पुरवत राहिलो. वैनी म्हणाली, विटेवर उभं आहे तर विठू म्हणा. मी म्हटलं, देवाचं नाव नको, उद्या टबात घाण केली की त्याला चार शिव्या कशा घालायच्या. भाऊ म्हणाला संत्री, म्हणजे फौजेतला पहारेकरी, जागचा हलत नाही म्हणून. भाच्यानं पुन्हा एकदा बुलेट पुढं रेटून बघितलं. मी माझ्या नियमानं गुण शोधले, पण कासवाला गुण एकच, ते म्हणजे काहीच न करणं. म्हणून मी 'निवांत' हे नाव सुचवलं. मला ते चांगलं वाटलं होतं. भाऊ तर हसला, लय भारी म्हणाला.

पोरीनं मान हलवली. "ही समदी हसायची नावं हायती. मला खरं नाव पायजे."

"खरं म्हणजे?"

"माणसाला ठेवत्यात तसलं."

बेडकाला सुभेदार म्हणणारी मी, मलाही ते पटलं. आमची सगळी नावं जनावराच्या आडून आम्हीच हसायसाठी ठेवलेली होती, हे खरंच होतं. दुपार कलली. भाच्यानं बाजारातनं फुगे आणले. वैनीची भाजी धुवायची जाळीची टोपली तिला न विचारता दोन ओढण्यांनी खिडकीच्या गजाला टांगून पाळणा झाला. तरी नाव नाही. पोरगी रडकुंडीला आली. तिच्या दृष्टीनं तो तिचा मान होता आणि तो तिच्या हातातनं निसटत चालला होता. ते कसं वाटतं हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

मी स्वयंपाकघरात खोबरं किसत बसले होते तेव्हा ती माझ्या मांडीला येऊन चिकटली.

"आत्ती, माझं नाव तू काय ठेवणार हुतीस?"

मी किसणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी रागावले ते सगळ्यांनी ऐकून घेतलं, पण नाव काय होतं हे एकानंही विचारलं नाही. मी तिच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. इथं मी ते लिहीत नाही, कारण लिहिलं की लोक म्हणतील, एवढ्यासाठी एवढं? चार अक्षरी आहे, जुनं आहे, आणि तोंड भरून हाक मारता येते. बस्स.

पोरीनं ते दोनदा पुटपुटून बघितलं. मग म्हणाली, "मग हे कासवाला ठेवू?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. पोटच्या पोरीसारखं जपलेलं नाव, आणि ते जवळ्याच्या वासाच्या कासवाला?

"अजिबात न्हाई. ते तुझं हाय."

"पण मला नाव हाय की. त्याला न्हाई." आणि मग अगदी सरळपणानं, भांड्याबिंड्याबद्दल बोलावं तसं म्हणाली, "तुझ्याजवळ नुसतं पडून तर हाय."

मी तिला बाहेर जा म्हटलं. गेली. मी रागारागानं एवढं खोबरं किसलं की वैनी म्हणाली, वन्सं, घुगऱ्या आहेत, बर्फी नाही.

संध्याकाळी सगळे पाळण्याभोवती बसलो. वैनीनं कासवाला लांबूनच हळदकुंकू लावलं. कासवानं टोपलीत मुतून घेतलं आणि वैनीनं त्या टोपलीचा नाद सोडून दिला. पाळण्याचं गाणं मी म्हटलं. ते पाठ असूनही भाच्याच्या बारशानंतर वापरायला मिळालेलं नव्हतं, त्यामुळं मी जरा जास्तच कडवी म्हटली. भाऊ आपला मांडी घालून बसला होता, जणू युनिटच्या मंदिरात आरतीला बसलाय.

मग पोरगी उठली. तिनं कासव दोन्ही हातांत घेतलं. कान कुठाय, म्हणाली. भाचा म्हणाला, तो लाल पट्टा असतो ना, त्याच्या आत. ती पट्ट्याशी तोंड घेऊन गेली आणि थांबली. मान वर करून तिनं माझ्याकडं बघितलं.

तिच्या मनात दुसरं कुठलंच नाव नव्हतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण तिनं ते उचलून वापरलं नाही. हातातलं कासव पाय झाडत होतं, फ्रॉकवर पाणी गळत होतं, आणि ती माझ्या हो म्हणायची वाट बघत उभी होती. पोरीच्या बारशाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. ही विचारत होती. शिवाय खरं तेच बोलली होती ती दुपारी. नाव माझ्यापाशी होतं, पण त्या नावानं कुणाला हाक मारली असं एकदाही घडलं नव्हतं.

मी मान हलवली.

तिनं कासवाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि मग खड्या आवाजात सगळ्यांना सांगितलं. मी ते नाव दुसऱ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. चांगलं वाजलं. मी मनात जपलं होतं तितकंच चांगलं होतं ते.

"पण ते नर हाय का मादी कुणाला म्हाइत," भाचा म्हणाला. "पोरीचं नाव हाय हे."

"कुठनं सुचलं गं तुला?" वैनीनं विचारलं.

"आत्तीचं हाय. माझ्यासाठी ठेवलेलं."

वैनीचा पदर नाकावरनं खाली आला. तिनं ते नाव हळूच एकदा स्वतःशी म्हटलं. "छान आहे हो, वन्सं," म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि माझ्या वाटीत आणखी घुगऱ्या घातल्या.

आता आमच्याकडं रीत अशी की आत्यानं नाव सांगितलं रे सांगितलं, की भोवतीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. का, ते कुणालाच माहीत नाही, पण धपाटा बसल्याशिवाय बारसं पुरं होत नाही. भाचा ह्याच क्षणाची वाट बघत असणार, कारण बुलेट गेल्याचा सगळा राग त्यानं बहिणीच्या पाठीवर काढला. ती कासव पोटाशी धरून वाकली होती आणि खिदळत होती. वैनीनंही एक हलकासा घातला. मीही घातला.

मग भाऊ उठला, पोरीजवळ गेला असं मला वाटलं, पण तो माझ्या मागं आला आणि त्यानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की वाटीतल्या घुगऱ्या फरशीभर झाल्या.

"आरं, हा कशाबद्दल?"

"पोरीच्या बारशाचा," तो म्हणाला. "ऱ्हायला हुता, आक्का. मीबी नव्हतो ना तवा."

फौजेतला हात आहे तुझा, जरा बेतानं मार, असं मी त्याला म्हटलं खरं. पण पाठ हुळहुळत होती, घुगऱ्या वेचायला मी खाली बसले, आणि तिथंच फरशीवर, सगळ्यांच्या देखत, मला पोटभर रडू आलं.